सुरमईच्या दातांच्या मापाने: घरगुती स्टिंगर गऱ्यांच्या नोंदी

९ नोव्हेंबर २०२४, शनिवार (कार्तिक शुद्ध अष्टमी)

दिवाळीपासून रत्नागिरीतल्या मिऱ्याच्या खडपावर आमिष म्हणून वापरलेले रबरी मासे आज गोड्या पाण्यात धुऊन टेबलावर ओळीने मांडले. सगळे एकाच मापाचे, साडेबारा सेंटिमीटरचे, २८ ग्रॅमच्या जिगहेडवर, म्हणजे वजनदार डोक्याच्या गरीवर, ओवलेले. आणि सगळ्यांचं शेपूट गेलेलं. फाटलेलं किंवा ओढून तुटलेलं नव्हे. पात्याने कापावं तसं सरळ, स्वच्छ.

पट्टी घेऊन मोजलं. नाकापासून कापाच्या रेषेपर्यंतचं अंतर जवळजवळ सगळ्यांवर आठ ते नऊ सेंटिमीटरच्या दरम्यान आहे. जिगहेडची मुख्य गरी पाठीतून बाहेर येते साडेपाच सेंटिमीटरवर. म्हणजे सुरमई जिथे तोंड मिटते तिथून गरी तीन सेंटिमीटर पुढे असते. हाताला झटका जाणवतो, रॉड वाकतो, आणि लगेच दोरी सैल पडते, त्याचं कारण हेच. मासा गरीपर्यंत पोचतच नाही.

सुरमईची शिकार करायची रीत समजून घेतली की यात नवल वाटत नाही. तिचे दात त्रिकोणी, बाजूने चपटे, धारदार आणि एकमेकांना लागून असतात. ती तारली किंवा बांगडा मागून गाठते आणि आधी शेपूट तोडते. शेपूट तुटलं की भक्ष्य पळू शकत नाही. मग वळून येऊन उरलेलं गिळते. रबरी माशाबाबतही ती पहिला चावा तसाच घेते, फक्त दुसऱ्यांदा फिरकत नाही, कारण पहिल्या चाव्यातच तिला कळतं की हे काही खाण्याचं नाही.

यावरचा उपाय जगभर एकच आहे: मुख्य गरीच्या मागे, छोट्या दुव्याने जोडलेली दुसरी गरी. तिलाच स्टिंगर म्हणतात. अमेरिकेत फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर किंग मॅकरेल पकडताना जिवंत आमिषाच्या नाकात एक गरी आणि पाठीवर तारेने बांधलेली दुसरी, अशी मांडणी नेहमीची आहे. तो मासा आणि आपल्याकडच्या दोन्ही जातींच्या सुरमया एकाच स्कॉम्बेरोमोरस या वंशातल्या (जीनसमधल्या), त्यामुळे खोडही तीच. युरोपात गोड्या पाण्यातल्या पाइक माशासाठी हीच युक्ती करतात.

तयार स्टिंगर विकत मिळतात, पण त्यांची लांबी बनवणाऱ्याने ठरवलेली असते. माझ्या टेबलावरचे कापलेले मासे वेगळं माप सांगताहेत. म्हणून घरीच बनवायचे ठरवलं, आणि प्रत्येक टप्पा इथे लिहून ठेवणार आहे.

सुरुवातीचं माप: गरीचा बाक नाकापासून साडेआठ सेंटिमीटरवर बसला पाहिजे. मुख्य गरी साडेपाचवर. दुवा तीन सेंटिमीटर, अधिक अर्धा सेंटिमीटर सैल. एकूण साडेतीन. ती अर्ध्या सेंटिमीटरची ढील महत्त्वाची वाटते. शेपूट हलताना रबरी मासा डावी-उजवीकडे वाकतो. दुवा ताणलेला असेल तर ते वाकणं बंद होईल आणि पाण्यात नुसती काठी चालल्यासारखं दिसेल.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

कार्तिकी एकादशी. घरात उपवास, त्यामुळे स्वयंपाकघराचं टेबल दुपारभर मोकळं मिळालं.

पहिला नमुना दोरीचा. ८० पौंडी ब्रेडेड, म्हणजे विणलेली, दोरी दुहेरी करून ४ नंबरच्या ट्रेबलला, म्हणजे तीन टोकांच्या गरीला, स्नेल पद्धतीने बांधली: दोरी कडीतून आत, दांड्यावर वेढे, आणि परत कडीतून बाहेर. वेढ्यांवर इन्स्टंट ग्लूचा एक थेंब, वर हीट श्रिंक, म्हणजे तापवली की आकसणाऱ्या, नळीचा तुकडा.

हीट श्रिंकबद्दल एक गोष्ट नीट लिहून ठेवतो, कारण यावर पूर्ण गाठीची ताकद अवलंबून आहे. इलेक्ट्रिकच्या दुकानातली साधी काळी नळी साधारण ९० अंश सेल्सियसच्या आसपास आकसायला लागते. ब्रेडेड दोरी ज्या पॉलिइथिलिनची असते ते १४५ अंशांच्या जवळपास वितळतं. मधली जागा फार नाही. लायटरची ज्योत थेट लावली तर नळी वरून छान बसलेली दिसते आणि आतली दोरी भाजलेली असते. बाहेरून काहीच कळत नाही. म्हणून ज्योत न वापरता उकळत्या पाण्याच्या किटलीच्या तोंडाशी, चिमट्यात धरून वाफेवर नळी बसवली. वेळ लागतो, पण पाण्याची वाफ १०० अंशांच्या फार वर जात नाही, त्यामुळे दोरी सुरक्षित राहते.

ग्लूसुद्धा जपून. हा गोंद हवेतल्या दमटपणाने कडक होतो आणि दोरीच्या धाग्यांतून केशाकर्षणाने पुढे सरकतो. वेढ्यांपुरता राहिला तर ठीक. दुव्यात शिरला तर तिथे दोरी काडीसारखी ताठ होते आणि नेमकी त्या जागी मोडते. थेंब टाकताना गरी उलटी, कडी वर करून धरली की ग्लू दुव्याकडे ओघळत नाही.

संध्याकाळी मिरकरवाड्याला चाचांकडे नमुना दाखवायला गेलो. चाचांचं आयुष्य गऱ्या बांधण्यात गेलं. एका लांब दोरीला शेकडो गऱ्या, आणि सगळ्या हाताने. त्यांच्या गरीला कडी नसते, दांड्याचं टोक ठोकून चपटं केलेलं असतं. माझा स्टिंगर त्यांनी दोन बोटांत धरून ओढून पाहिला आणि गरी फिरवून मला दाखवली.

“दोरी मागच्या बाजूने निघालीय तुझी. गरीचं तोंड ज्या अंगाला, दोरी त्याच अंगाने निघाली पाहिजे. मग ओढलं की टोक आपणहून आत वळतं.”

“पण चाचा, हिला तीन तोंडं आहेत.”

“तीन आहेत म्हणून तर सांगतो, एकाची बांध.”

तिथेच त्यांनी एक सुटी गरी घेऊन मला दोन्ही प्रकारे बांधून दाखवलं. दोरी टोकाच्या बाजूने निघाली की ओढ बसताच गरी तिरकी होते आणि टोक पुढे येतं. मागच्या बाजूने निघाली तर गरी सरळच्या सरळ तोंडातून सुटून येते. हा फरक डोळ्यांनी पाहिल्यावर विसरणं शक्य नाही. एकेरी गरीचा विचार डोक्यात तिथूनच शिरला.

दोरी सुरमईच्या दातांपुढे टिकणार नाही हेही ते म्हणाले. ते माहीत होतं. तरी दोरीचा नमुना हवा होता, कारण दुव्याची लांबी आणि रबरी माशाची हालचाल तपासायला तो सगळ्यांत लवचीक.

१६ नोव्हेंबर, शनिवार

तारेचा दिवस. तीन प्रकार आणले.

एक, एकपदरी स्टीलची तार. दातांना सगळ्यांत चांगली, पण ताठ. एकदा कोनात मोडली की तो कोन जात नाही आणि तिथेच पुढे तुटते. साडेतीन सेंटिमीटरच्या दुव्यात ती रबरी माशाला खिळ्यासारखी धरून ठेवते. बादलीत ओढून पाहिलं, शेपूट हलेना. बाजूला ठेवली.

दोन, सात पदरांची, वर नायलॉनचा लेप असलेली. बरीच लवचीक, बाजारात सहज मिळते, स्वस्त. नायलॉनचा लेप दातांनी खरवडला जातो, पण आतले पदर टिकतात.

तीन, एकोणपन्नास पदरांची. सात-सात पदरांचे सात पीळ एकत्र वळलेले. तेवढ्याच ताकदीच्या सातपदरी तारेपेक्षा कितीतरी मऊ. बोटाभोवती गुंडाळून सोडली तर परत सरळ होते. किंमत जास्त, पण एका स्टिंगरला लागते किती? लूप आणि पीळ धरून बारा-तेरा सेंटिमीटर.

तार गरीला जोडण्याचे दोन मार्ग करून पाहिले.

पहिला, स्लीव्ह, म्हणजे धातूची छोटी नळी. तार कडीतून घालून परत स्लीव्हमध्ये घ्यायची आणि पकडीने दाबायची. इथे स्लीव्हचं माप सगळं ठरवतं. तारेचे दोन पदर जेमतेम शिरतील एवढंच भोक हवं. मोठं असेल तर कितीही दाबा, तार सरकते. दाबताना स्लीव्हचा मधला भाग दाबायचा आणि दोन्ही टोकं थोडी मोकळी, किंचित फुललेली ठेवायची. टोकापर्यंत दाबलं की स्लीव्हची कडाच तारेत रुतते आणि ती जागा कमकुवत होते. वायरमनची साधी पक्कड वापरू नये, तिचे दाते स्लीव्ह चिरतात. गोल खोबणीची क्रिंपिंग पक्कड घ्यावी.

दुसरा मार्ग फक्त नायलॉनच्या लेपाच्या तारेसाठी: पीळ देऊन वितळवणं. तार कडीतून काढून तिचं टोक मूळ तारेवर सहा-सात वेळा सारखा पीळ देत गुंडाळायचं, आणि लायटर खालून लांब धरून सरकवत न्यायचा. लेप चकाकायला लागला की थांबायचं. दोन्ही लेप एकजीव होतात. स्लीव्ह लागत नाही, गाठ बारीक राहते आणि तारेचं टोक बोटाला टोचत नाही. लेप काळा पडला, बुडबुडे आले तर तो तुकडा फेकून द्यावा.

मुख्य गरीवर बसणाऱ्या लूपसाठीही हाच प्रश्न: लूप गरीच्या उलट्या काट्यावरून आत गेला पाहिजे, पण ओढाताणीत परत निघता कामा नये. लूप बसवून झाला की त्याच्या मागून सायकलच्या व्हॉल्व्हच्या रबरी नळीची दोन मिलिमीटरची चकती गरीवर सरकवली. अगदी घट्ट बसते. एका वीतभर नळीत वर्षभराच्या चकत्या निघतील.

२० नोव्हेंबर, बुधवार

मतदान करून घरी आलो आणि सुट्टीचा उरलेला दिवस भार तपासण्यात घालवला.

मांडणी साधी. व्हाइसमध्ये (शिकंज्यात) जाड खिळा पकडला, त्यात स्टिंगरचा लूप अडकवला. गरीच्या एका टोकाला बॅगा तोलायचा डिजिटल काटा लावून हळूहळू ओढलं. डोळ्यांवर चष्मा अत्यावश्यक. ताणाखाली सुटलेली गरी कुठे जाईल ते सांगता येत नाही. ओढताना शरीर बाजूला ठेवायचं, रेषेत नाही.

आधी हे ठरवलं की किती भार पुरे. माझी मुख्य दोरी ३० पौंडी, म्हणजे साडेतेरा किलोची. ड्रॅग, म्हणजे रीळ ज्या ताणाला दोरी सोडायला लागतं तो, तिच्या चौथ्या हिश्शाच्या आसपास, म्हणजे साडेतीन ते चार किलोवर असतो. माशाने शेवटच्या क्षणी खडपाखाली डोकं घातलं की क्षणभर ताण ड्रॅगच्या वर जातो. म्हणून स्टिंगरने आठ किलो सहज पेलले पाहिजेत.

आधी काटा टोकाऐवजी गरीच्या दांड्यालाच लावून गाठी तपासल्या. दोरीचा नमुना पंधरा किलोपर्यंत गेला. पीळ देऊन वितळवलेली सातपदरी तार नऊच्या पुढे हळूहळू सरकायला लागली. तुटत नाही, नायलॉनच्या लेपातून आतली तार निसटते. मग काटा टोकाला लावला, तर एकोणपन्नासपदरी तार आणि स्लीव्ह या जोडीत तार किंवा स्लीव्ह जाण्याआधी गरीच सरळ झाली, सात किलोच्या आसपास.

म्हणजे सगळ्यांत कच्चा दुवा तार नाही, गाठ नाही, गरीचं पोलाद आहे. ट्रेबलला तीन टोकं असली तरी मासा बहुतेक वेळा एकाच टोकावर असतो आणि पूर्ण भार त्या एका बारीक बाकावर येतो. बारीक तारेची ट्रेबल धारेला उत्तम आणि गोड्या पाण्यात चालेल, सुरमईसाठी जाड तारेची घ्यायला हवी. पण जाड ट्रेबल जड होते आणि शेपटाची हालचाल मारते. एकेरी गरीत तेवढ्याच वजनात कितीतरी जाड पोलाद मिळतं. १/० मापाची एकेरी गरी त्याच काट्यावर बारा किलोला लावली तेव्हा किंचित वाकली, उघडली नाही. चाचांचं म्हणणं आकड्यांतूनही आलं.

तरी ट्रेबल समुद्रावर नेऊन पाहायची आहे. तिच्या बाजूने एक गोष्ट आहे: कुठूनही चावा घेतला तरी एक टोक त्या दिशेला असतंच.

२४ नोव्हेंबर, रविवार

कार्तिक वद्य नवमी. तिथीची पाऊणपट म्हणजे पावणेसात, भरतीची ढोबळ वेळ. रत्नागिरीला ती त्याच्या थोडी आधीच भरते. उजाडता उजाडता पाणी भरलेलं, भांगाचे, म्हणजे भरती-ओहोटीत फरक कमी असण्याचे, दिवस असल्यामुळे ओढ कमी. खडपावरून टाकायला अशी सकाळ मला अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणापेक्षा आवडते. उधाणात पहाटे पाणी पार खाली गेलेलं असतं आणि खडपाचे दात उघडे पडतात.

स्टिंगर पाठीवर बसवले होते. मुख्य गरी पाठीतून बाहेर येते, तिच्या बाकावर लूप, तिथून तार पाठीवरून मागे, आणि ट्रेबलचं एक टोक रबरात खुपसलेलं. पोटाखालून, जिगहेडच्या कडीपासून तार नेणं हाही एक मार्ग आहे. सुरमई बऱ्याचदा खालून येते, त्यामुळे पोटाखालची गरी लागण्याची शक्यता कदाचित अधिक. पण मिऱ्याच्या खडपावर पोटाखालची गरी म्हणजे दर थोड्या वेळाने दगडात अडकलेलं सामान. खोल पाण्यात, होडीवरून टाकताना मी पोटाखालचीच निवडेन.

पाण्यावर पाखरं फिरत होती आणि तारल्यांचा थवा वर आला होता. टाकलं, पाच मोजेपर्यंत बुडू दिलं, जलद गुंडाळलं. झटका, रॉड वाकला, आणि या वेळी वाकलेलाच राहिला.

सुरमई, दीड किलोच्या जवळची. अंगावर ठिपके, आडवे पट्टे नाहीत, म्हणजे ठिपक्यांची गुट्टाटस. मोठी होणारी कॉमरसन तिच्या अंगावरच्या आडव्या वळणदार पट्ट्यांवरून ओळखता येते, शिवाय तिची बाजूची रेषा पाठीवरच्या दुसऱ्या पंखाच्या शेवटाशी एकदम खाली वळते. स्टिंगरचं एक टोक जबड्याच्या कोपऱ्यात रुतलेलं. रबरी मासा स्टिंगरच्या अगदी मागे कापलेला. मुख्य गरीला स्पर्शसुद्धा नाही. म्हणजे साडेआठ सेंटिमीटरचं माप बरोबर.

सातपदरी तारेच्या लेपावर दातांचे ओरखडे होते आणि दुव्यात एक कायमचा कोन पडला. एका माशानंतर तो बदलावा लागेल. एकोणपन्नासपदरी तारेला काही झालं नाही.

मग एक टोळ आला. लांब, सुईसारख्या चोचीचा. ट्रेबलचं एक टोक चोचीत, दुसरं गालाला, तिसरं कल्ल्याच्या झाकणात. लांब टोकाच्या पकडीने काढायला इतका वेळ लागला की तो पाण्यात परत सोडण्याच्या अवस्थेत राहिला नाही. मला तो नको होता. जो मासा ठेवायचा नाही तो धडपणे परत जायला हवा, आणि मागची ट्रेबल हे होऊ देत नाही. ट्रेबलचं काम माझ्यापुरतं इथे संपलं.

३० नोव्हेंबर, शनिवार

आता सगळं एकेरी गरीवर.

१/० ची, सरळ कडीची, मोठ्या भोकाची गरी. उलटा काटा पकडीने दाबून बसवला. ट्रेबलला एक टोक रबरात खुपसून ठेवायची सोय होती. एकेरी गरीचं एकमेव टोक खुपसलं तर माशाला काय लागणार? त्यामुळे टोक मोकळं ठेवून गरी रबरावर कशी बसवावी, हा या आठवड्याचा प्रश्न.

खूप गोष्टी करून पाहिल्या. दांड्याला बारीक रबर बँड: एका फेकीत निघतो. टाचणीचा तुकडा दांड्याला बांधून तो रबरात रोवणं: बसतो छान, पण टाचणी गंजते आणि चावा घेतल्यावर सुटत नाही. शेवटी जे जमलं ते असं: गरीच्या दांड्यावर हीट श्रिंक बसवताना तिच्यात जाड नायलॉनच्या, ६० पौंडी दोरीचा दोन सेंटिमीटर लांबीचा तुकडा टोकाच्या विरुद्ध बाजूला ठेवायचा, त्याचं एक टोक चार मिलिमीटर बाहेर, किंचित खाली वळवलेलं. हे नायलॉनचं बोट रबरात रोवलं जातं. गरीचं टोक वर, मोकळं. फेकताना जागचं हलत नाही. मासा ओढतो तेव्हा नायलॉन सहज निसटतं आणि गरी मोकळी होते.

या नमुन्यात तार आधी कडीतून टोकाच्या बाजूने आत, मग दांड्यालगत स्लीव्ह, आणि वर नळी. नळीमुळे तार टोकाच्या अंगानेच बाहेर पडते. इथे ज्योत चालते, कारण आत पॉलिइथिलिन नाही. तरी नायलॉनचं बोट आहे, म्हणून लांबूनच.

पाण्याच्या टाकीत ओढून शेपूट पाहिलं. साध्या रबरी माशाच्या तुलनेत हालचाल जरा आखूड, पण वेग थोडा वाढवला की तीच. गरी जिथे शरीर निमुळतं व्हायला लागतं त्याच्या पुढेच थांबते, हे यामागचं कारण. तीच गरी एक सेंटिमीटर मागे नेली तर शेपूट जवळपास थांबतं. म्हणजे दातांची रेषा आणि शेपटाची सुरुवात यांच्यात जी दीड सेंटिमीटरची जागा आहे, तेवढीच आपली.

८ डिसेंबर, रविवार

मार्गशीर्ष शुद्ध सप्तमी. भरती सव्वापाचची, त्यामुळे उजाडल्यावर ओहोटी लागलेली. खडपाच्या डाव्या हाताला पाणी वळून जातं तिथे उभा राहिलो.

एकेरी स्टिंगरवर काही चावे सुटले. ट्रेबल असती तर त्यांतले एक-दोन लागले असते असं वाटतं. पण जे लागले ते सगळे जबड्याच्या कोपऱ्यात, एकाच जागी, घट्ट. चाचांनी सांगितलेलं टोकाचं वळणं दर माशाच्या तोंडात दिसत होतं.

एक सुरमई लहान होती. पाण्यातून न उचलता, खडपाच्या कडेला वाकून पकडीने गरी फिरवली, निघून गेली. काटा दाबलेला असल्यामुळे एका हालचालीचं काम. राज्य सरकारने २०२३ साली ५४ जातींच्या माशांची किमान लांबी ठरवून दिली, त्याहून लहान मासा धरायचा नाही. हा नियम नौकांसाठी महत्त्वाचा आहे तसाच एका रॉडने गरवणाऱ्यालाही असला पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. अजून एकदाही अंडी न घातलेला मासा पिशवीत टाकून आपण पुढच्या वर्षाचा समुद्र रिकामा करतो.

आणखी एक निरीक्षण: चकाकणाऱ्या स्विव्हलवर (फिरत्या कडीवर) चावा आला आणि लीडर, म्हणजे आमिषाच्या पुढची जाड दोरी, तिथूनच कापला गेला. सुरमई झळाळणाऱ्या कुठल्याही बारीक वस्तूवर तोंड टाकते. स्टिंगरच्या स्लीव्हवरही काळी नळी चढवायची, उघडा धातू कुठेच नको.

१३ डिसेंबर, शुक्रवार

पुण्याहून भाच्याचा फोन. तो धरणाच्या फुगवट्यात मरळ गरवतो, रबरी बेडकावर. “मामा, मरळ बेडूक मागून धरते आणि सोडते, मला पण चार बनवून दे.”

त्याला वेगळं बनवून पाठवलं. मरळ गवतात आणि पाणवनस्पतीत असते, मागे मोकळी लोंबणारी गरी प्रत्येक फेकीत गवत घेऊन येईल. मरळीचे दात टोकदार आहेत, पण सुरमईसारखे कापणारे नाहीत, म्हणून तारेची गरज नाही. दुहेरी ब्रेडेड दोरीचा दोन सेंटिमीटरचा दुवा, २ नंबरची एकेरी गरी, टोक वर, आणि बेडकाच्या मागच्या झुलीत लपेल एवढीच. त्याला सांगितलं, झटका आला तरी लगेच ओढू नकोस, मरळीला तोंड मिटू दे.

२२ डिसेंबर, रविवार

रबरी माशांचं काम मार्गी लागल्यावर धातूच्या जिगकडे, म्हणजे माशासारख्या घन धातूच्या आमिषाकडे, वळलो. ३० आणि ४० ग्रॅमचे, फेकून वापरायचे.

जिगवर पुढच्या कडीला असिस्ट गरी लावतात, तिचं तत्त्व वेगळं. जिग बुडताना मासा डोक्याकडून झडप घालतो, म्हणून गरी पुढे. पण सरळ गुंडाळताना सुरमई इथेही शेपटाकडूनच येते, म्हणून मागच्या कडीलाही एक हवी. पुढची दोरीवर, मागची तारेवर, असं ठरवलं.

पुढच्या असिस्टसाठी पोकळ विणीची दोरी वापरली. तिच्या पोटात जाड फ्लुरोकार्बनचा, म्हणजे ताठ एकपदरी दोरीचा, तुकडा घातला की दुवा किंचित ताठ राहतो आणि गरी जिगभोवती गुंडाळली जात नाही. दोरीच्या पोटातून ओढायला सुई म्हणून गिटारची सगळ्यांत बारीक स्टीलची तार मधोमध दुमडून वापरली. दुमड दोरीच्या आत सरकवायची, पलीकडून बाहेर काढायची, तिच्यात टोक अडकवायचं आणि मागे ओढायचं. अशा पोकळ दोरीचं टोक तिच्याच पोटात शिरवलं की गाठ न मारता लूप तयार होतो. ओढ जितकी वाढते तितकी विण आवळते आणि आतलं टोक घट्ट धरते. ही रचना मला फार सुंदर वाटते.

अरामिडची, म्हणजे केव्हलरची, पिवळी दोरीही आणली होती. ती उष्णतेने वितळत नाही, त्यामुळे नळी बसवताना निश्चिंत, आणि पाण्यात बुडते. पॉलिइथिलिन तरंगतं. पण ऊन तिला खातं. खिडकीत ठेवलेला तुकडा पंधरवड्यात तपकिरी पडला. वापरायची तर वर विण किंवा नळी हवीच, आणि डबा बंद ठेवायचा.

दोन नियम लांबीचे: पुढची गरी आणि मागची गरी एकमेकींपर्यंत पोचता कामा नयेत, नाहीतर फेकीत एकमेकींना धरतात. आणि गरीचा बाक जिगच्या रुंदीपेक्षा मोठा हवा, नाहीतर ती जिगलाच मिठी मारून बसते.

५ जानेवारी २०२५, रविवार

गंजाची तपासणी. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये वापरलेले सगळे स्टिंगर पांढऱ्या कागदावर ठेवून भिंगाखाली पाहिले.

ॲल्युमिनियमच्या स्लीव्ह बाद. स्टीलची तार आणि ॲल्युमिनियम खाऱ्या पाण्यात एकत्र आले की ॲल्युमिनियम झिजतं. स्लीव्हच्या तोंडाशी पांढरी भुकटी जमली होती आणि नखाने दाबलं तर ती जागा ठिसूळ. तांब्याच्या स्लीव्ह हिरवट झाल्या, पण घट्ट आहेत. यापुढे तारेसाठी तांब्याच्याच, ॲल्युमिनियमच्या फक्त नायलॉन दोरीसाठी.

हीट श्रिंकच्या आत मिठाचं पाणी अडकून राहतं. बाहेरून चकचकीत दिसणाऱ्या दोन गऱ्यांची नळी कापली तर दांडा आतून तांबडा. म्हणून नळीच्या मागच्या टोकाशी तिरका छेद द्यायचा, पाणी निथळायला. घरी आल्यावर स्टिंगर गोड्या पाण्यात तासभर बुडवून ठेवायचे, मग टांगून वाळवायचे, ओले डब्यात टाकायचे नाहीत.

व्हॉल्व्हच्या चकत्या उन्हाने चिरतात. महिन्याने बदलायच्या.

तारेचा एकही पदर तुटून वर आलेला दिसला की स्टिंगर टाकायचा. एकोणपन्नासातला एक गेला तर ताकद फारशी घटत नाही, पण तो पदर हाताला काट्यासारखा लागतो आणि शेजारच्या पदरांवर घासतो.

पुढच्या खेपेचं सामान: एकोणपन्नासपदरी तार ४० पौंडी, काळी. तांब्याच्या स्लीव्ह, दोन पदर जेमतेम शिरतील अशा. १/० आणि २/० च्या एकेरी गऱ्या. साडेबारा सेंटिमीटरच्या माशासाठी दुवा साडेतीन सेंटिमीटरचा कायम. पंधरा सेंटिमीटरच्या माशाचं माप अजून ठरायचं आहे. त्यासाठी ते आधी स्टिंगरशिवाय टाकून, कापलेले परत आणून पट्टीवर ठेवावे लागतील. चाचांसाठी सहा वेगळे बनवतोय, कडीऐवजी त्यांच्याच चपट्या गरीवर, तार दांड्याला धाग्याने आवळून. धागा जाळं शिवायचा नायलॉनचा घ्यायचा, हे त्यांनी आधीच बजावलं आहे.